मळसूत्रावरची आगगाडी

अमेरिकेत घरातल्या तळघरात मॉडेल रेल्वे उभारणाऱ्या हौशी लोकांकडे पुष्कळदा एक वस्तू असते, जी पाहुण्यांना सहसा दाखवली जात नाही. प्लायवूडचे एकावर एक चढत गेलेले पाच-सहा वेढे. त्यांना उभ्यानं तोलून धरणाऱ्या, आटे पाडलेल्या लोखंडी सळया. प्रत्येक सळईवर वेढ्याच्या खाली एक आणि वर एक नट, म्हणजे उंची मिलिमीटरनं वरखाली करता यावी. मधल्या पोकळीत एक माणूस कसाबसा उभा राहील एवढी जागा. वेढ्यांवरून रूळ गेलेले असतात, पण डोंगर नाही, झाड नाही, स्टेशन नाही, रंगसुद्धा नाही. याला ते लोक 'हेलिक्स' म्हणतात. आपला शब्द मळसूत्र. लेआउटच्या खालच्या मजल्यावरची गाडी या मळसूत्रात शिरते, गोल गोल फिरत वर चढते आणि काही मिनिटांनी वरच्या मजल्यावर बाहेर पडते.

या ओक्याबोक्या मनोऱ्याला इतिहास आहे, आणि तो तळघरात सुरू होत नाही. तो डोंगरात सुरू होतो. त्यातला एक डोंगर आपला आहे.

आगगाडीचं मोठेपण ज्या गोष्टीत आहे तीच तिची अडचण आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर जवळजवळ फुकट धावतं. सपाटीवर एक टन वजन हलतं ठेवायला काही किलोंचा जोर पुरतो. पण चढ लागला की हिशेब उलटतो. एक टक्का चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, एवढ्यानंच दर टनामागे दहा किलोंची भर पडते. जे गुळगुळीत चाक सपाटीवर फायद्याचं तेच चढावर घसरतं. बैलगाडी चढेल असा चढ आगगाडी चढत नाही. म्हणून रेल्वेच्या इंजिनिअरला डोंगर दिसला की तो उंची विचारत नाही, लांबी विचारतो. दोन टक्क्यांनी शंभर मीटर चढायचं तर पाच किलोमीटर रूळ हवेत. ते कुठून आणायचे, एवढाच प्रश्न. घाटरेल्वेचा सगळा इतिहास म्हणजे या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं.

बोरघाटाचं उत्तर १८६३ साली तयार झालं. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुख्य इंजिनिअर जेम्स जॉन बर्कली यानं कोकणातून देशावर १८३१ फूट चढायला जवळपास सोळा मैलांचा मार्ग आखला. सर्वांत कडक चढ एकास सदतीस, म्हणजे २.७ टक्के. पंचवीस बोगदे खोदले, दऱ्यांवर पूल बांधले, आणि तरीही खंडाळ्याच्या अलीकडे लांबी संपली. कडा समोर आणि वळायला जागा नाही. तिथं बर्कलीनं रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी एका टोकाला जाऊन थांबायची, इंजिन सोडून दुसऱ्या बाजूला लावायचं आणि गाडी उलट्या तोंडानं पुढचा चढ चढायची. कागदावर काढलं तर इंग्रजी व्ही अक्षर आडवं पडल्यासारखं. यात वळण लागत नाही हा फायदा. पण दर गाडीचा वेळ जातो आणि गाडीची लांबी त्या टोकाच्या रुळाएवढीच ठेवावी लागते. टोक डोंगरात संपतं, त्यामुळे ते लांबवायचं म्हणजे पुन्हा डोंगर फोडायचा. हे स्टेशन १९२९ पर्यंत चाललं. त्या सुमाराला विजेची इंजिनं आली, नवे बोगदे झाले आणि मार्ग सरळ झाला.

लांबीची किंमत कुणी दिली हेही सांगितलं पाहिजे. काम १८५६ मध्ये सुरू झालं. ऐन भरात घाटात एका वेळी चाळीस हजारांच्या वर माणसं राबत होती. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. त्याच्या कामावर मजुरी थकली आणि १८५९ च्या जानेवारीत मजूर उठले, दंगल झाली. पुढे फॅव्हिएलनं काम सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत मेला. कंत्राट त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, आपल्या नावावर घेतलं आणि इंजिनिअर नेमून पुरं करवलं. ही गोष्ट आवडीनं सांगितली जाते आणि सांगावी अशीच आहे. पण त्याच काळात घाटात पटकी फिरत होती आणि मजूर हजारोंनी मेले. मृतांचा अंदाज वीस हजारांच्या वर सांगितला जातो. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. बर्कली स्वतःही घाट खुला झालेला पाहायला उरला नाही, तो १८६२ मध्ये इंग्लंडात गेला.

वळायला जागा असेल तर मात्र उलट्या तोंडानं जायची गरज नसते. नेरळ-माथेरानची छोटी गाडी, १९०७ ची, घोड्याच्या नालासारखी वळणं घेत एकास वीसचा चढ चढते. दोन फुटी गेज असल्यामुळे ती असली वळणं घेऊ शकते. दार्जिलिंगची गाडी तिच्याही आधीची, १८८१ ची. तिथं दोन्ही तऱ्हा आहेत. झिगझॅग आहेत आणि गाडी स्वतःच्याच रुळावरून पूल टाकून पलीकडे जाते अशी वर्तुळंही आहेत. वर्तुळ पुरं करून स्वतःच्या डोक्यावर येणं, हीच मळसूत्राची पहिली फेरी.

मोठ्या गेजवर, अवजड गाड्यांसाठी, हे करणारांत कॅलिफोर्नियातलं टेहाचापी लूप फार प्रसिद्ध आहे. १८७६, इंजिनिअर विल्यम हूड, सदर्न पॅसिफिक रेल्वे, आणि कुदळ-फावडी चालवणारे बहुतेक चिनी मजूर. एका टेकडीभोवती गाडी पुरी फेरी घेते आणि ७७ फूट वर चढते. मालगाडी पुरेशी लांब असली तर पुढचं इंजिन मागच्या डब्यांच्या डोक्यावरून जाताना दिसतं. रेल्वेवेडे लोक आजही तिथं खुर्च्या टाकून बसतात.

पण हेलिक्सचं खरं घराणं स्वित्झर्लंडचं. गोथार्डची रेल्वे १८८२ मध्ये पूर्ण झाली. तिचा मुख्य बोगदा पंधरा किलोमीटरचा, त्या काळातला जगातला सर्वांत लांब. त्या बोगद्याच्या तोंडापर्यंत गाडी न्यायची तर रॉइसची अरुंद दरी चढायची होती. दरीचा तळ मध्येच पायऱ्यांसारखा उंच होतो आणि रेल्वेला पायरी चढता येत नाही. चढाची मर्यादा हजारी सव्वीस, म्हणजे २.६ टक्के. वळणाची त्रिज्या २८० मीटरपेक्षा कमी नाही. एवढं मोठं वर्तुळ मावेल अशी सपाट जागा दरीत नव्हती. तेव्हा वर्तुळ डोंगराच्या पोटात घालायचं ठरलं. फाफेनस्प्रुंगचा बोगदा १४७६ मीटर लांब आहे. गाडी त्यात शिरते, अंधारात पुरं वळण घेते आणि जिथून शिरली तिथूनच, पण वरच्या अंगाला, बाहेर येते. त्यापुढे वासेन गावाशी आणखी दोन वळणं बोगद्यांतून. दक्षिणेकडच्या उतारावर असे चार सर्पिल बोगदे आहेत.

वासेनला टेकडीवर एक पांढरं चर्च आहे. वर चढणाऱ्या गाडीतून ते पहिल्यांदा दिसतं तेव्हा मान वर करावी लागते. थोड्या वेळानं ते खिडकीच्या समोर येतं. तिसऱ्यांदा ते खाली असतं. प्रवाशाला आपण डोंगर चढलो हे कळतं ते या चर्चमुळे. नाहीतर बोगद्यात दिशा कळत नाही, चढ कळत नाही, फक्त कान थोडे दडे बसल्यासारखे होतात.

इथली किंमत. बोगद्याचा कंत्राटदार लुई फाव्हर १८७९ च्या जुलैत बोगद्यातच कोसळून मेला. १८८० च्या फेब्रुवारीअखेर दोन्ही बाजू भेटल्या, तेव्हा भोकातून पलीकडे सर्वांत आधी त्याचा फोटो दिला असं सांगतात. त्याआधी १८७५ मध्ये गेशेनन गावाशी इटालियन मजुरांनी काम थांबवलं होतं. बोगद्यातली हवा कोंदट, सुरुंगाच्या धुरानं भरलेली, आणि मजुरी अपुरी. सैनिक आणले गेले, गोळीबार झाला, चार मजूर मेले. अपघातात मेलेले दोनशेच्या घरात. शिवाय बोगद्यातल्या उष्ण चिखलात पोटातल्या हुकवर्मची साथ पसरली आणि रक्त कमी होऊन माणसं खंगली. खाणकामगारांच्या पंडुरोगाचं कारण डॉक्टरांना नीट समजलं ते याच मजुरांमुळे. १८५९ चा बोरघाट आणि १८७५ चं गेशेनन शेजारी ठेवले की सोळा वर्षांचं आणि साडेसहा हजार किलोमीटरचं अंतर फारसं जाणवत नाही.

कॅनडानं हा धडा उशिरा गिरवला. किकिंग हॉर्स खिंडीत कॅनेडियन पॅसिफिकनं १८८४ मध्ये घाईघाईनं साडेचार टक्के उताराचा रूळ टाकला. तात्पुरता म्हणून टाकला आणि तो पंचवीस वर्षं राहिला. बांधकामाची पहिलीच गाडी त्या उतारावर सुटली आणि तीन माणसं गेली. शेवटी १९०९ मध्ये दोन सर्पिल बोगदे खोदून चढ २.२ टक्क्यांवर आणला. उंची तेवढीच, फक्त लांबी दुप्पट. आपल्याकडे म्हणतात ते तात्पुरतं शेडच शेवटी घर होतं, हे रेल्वेलाही लागू आहे. सॉफ्टवेअरला तर किती लागू आहे हे मी रोज पाहतो.

आता हे सगळं सत्त्याऐंशीनं भागू.

एचओ हे मॉडेल रेल्वेचं जगात सर्वांत चालणारं प्रमाण आहे, १:८७. खऱ्या रुळांतलं चार फूट साडेआठ इंचांचं अंतर इथं साडेसोळा मिलिमीटर होतं. इंजिन हातभर, डबा वीतभर. पण बोरघाट एचओमध्ये करायचा तर? १८३१ फूट म्हणजे ५५८ मीटर. भागिले ८७, साधारण ६.४ मीटर. दुमजली घराएवढा डोंगर. मार्गाची लांबी पंचवीस किलोमीटरच्या वर, ती मॉडेलमध्ये २९० मीटरच्या पुढे. एवढं तळघर अमेरिकेतही कुणाकडे नसतं. म्हणून मॉडेलवाले लांबी छाटतात. दहा स्टेशनांतली चार निवडतात, तीन किलोमीटरच्या यार्डाचं तीन मीटर करतात. त्याला काही कुणाची हरकत नसते.

मात्र एक गोष्ट छाटता येत नाही. चढ हे गुणोत्तर आहे. २.६ टक्के गोथार्डला २.६ टक्के आणि तळघरातही २.६ टक्केच. गुरुत्वाकर्षण १:८७ प्रमाणात मिळत नाही. तीन किलोच्या मालगाडीला अडीच टक्क्यांचा चढ पंच्याहत्तर ग्रॅमनं मागे ओढतो, आणि इंजिनाची चाकं तशीच घसरतात जशी खंडाळ्याला पावसात घसरत असतील. सगळं खोटं असलेल्या या जगात एवढं एक खरं आहे. मला या छंदात सर्वांत आधी आवडलं ते हेच.

हा छंद संघटित झाला तो अमेरिकेत मंदीच्या दिवसांत. ॲल कामबाखनं मिलवॉकीत १९३४ मध्ये 'मॉडेल रेलरोडर' मासिक सुरू केलं. पुढच्याच वर्षी त्याच शहरात नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन स्थापन झाली आणि चाकाची कड किती, रुळांमधलं अंतर किती याची प्रमाणं ठरू लागली. त्या आधी एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर चालेलच असं नव्हतं. म्हणजे पहिला विषय चाक रुळावर राहील का हा होता. गाडी कुठं जाते आणि कशाला जाते, हा प्रश्न त्यानंतरचा.

तो प्रश्न नीट विचारणारांत फ्रँक एलिसन हे नाव मोठं. न्यू ऑर्लिन्सच्या या गृहस्थाची 'डेल्टा लाइन्स' नावाची मॉडेल रेल्वे होती आणि १९४० च्या दशकात त्यानं लेख लिहून एक मांडणी केली. लेआउट हा रंगमंच आहे, गाड्या ही पात्रं आहेत, वेळापत्रक ही संहिता आहे. या उपमेचा फायदा मराठी माणसाला लगेच कळावा. रंगमंच म्हटला की विंग आली. पात्र कुठूनतरी येतं आणि कुठंतरी जातं, आणि ते 'कुठंतरी' प्रेक्षकाला दिसायची गरज नसते. मॉडेल रेल्वेत असे लपवलेले रूळ असतात, जिथं गाड्या आपल्या प्रवेशाची वाट पाहत उभ्या असतात. पुढे ओहायोच्या ॲलन मॅक्लेलंड यानं हीच कल्पना ताणून नेली. तळघरातली रेल्वे ही तळघराबाहेरच्या मोठ्या रेल्वेचा एक तुकडा आहे असं मानायचं. गाडीतला कोळसा कुठून आला आणि कुठं जायचा आहे हे ठाऊक असलं पाहिजे, मग ती दोन्ही गावं बांधलेली नसली तरी चालतात.

कॅलिफोर्नियात माँटेरेला जॉन ॲलन होता. पेशानं फोटोग्राफर. त्याच्या रेल्वेचं नाव 'गोरी अँड डेफेटिड', म्हणजे उच्चारी 'रक्तबंबाळ आणि पराभूत'. तिथं डोंगर जमिनीपासून छतापर्यंत होते. पाहणाऱ्याला मान वर करून गाडी शोधावी लागे. एका शंटिंग इंजिनाच्या जागी त्यानं एक स्टेगोसॉरस डायनोसॉर ठेवला होता, त्याचं नाव एमा. एवढ्या मेहनतीत असा विनोद सुचणं मला मोठेपणाचं लक्षण वाटतं. १९७३ च्या जानेवारीत ॲलन वारला आणि काही दिवसांतच घराला आग लागून ती रेल्वे जळाली. फोटो राहिले. मॉडेल रेल्वे उभीही वापरता येते, नुसती टेबलासारखी आडवी पसरायची नसते, हे त्या फोटोंतून दोन पिढ्या शिकल्या.

पण आखणीचं शास्त्र केलं जॉन आर्मस्ट्राँगनं. नोकरी नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत, राहणं वॉशिंग्टनजवळ मेरीलँडमध्ये, आणि फावल्या वेळात लोकांच्या तळघरांचे नकाशे. १९६३ मध्ये त्याचं 'ट्रॅक प्लॅनिंग फॉर रिअलिस्टिक ऑपरेशन' आलं. त्यातली एक युक्ती फार साधी आहे. खोलीचा नकाशा फुटांत न मोजता चौकोनांत मोजायचा, आणि चौकोनाची बाजू म्हणजे आपल्या वळणाची त्रिज्या अधिक दोन रुळांतल्या अंतराची दुप्पट. मग एक पुरं वळण किती चौकोन खातं हे बोटांवर मोजता येतं. दुसरी युक्ती याद्यांची. खोलीची मापं, खांब, दार, पैसा, वय ही एक यादी. मनात काय काय हवं आहे ही दुसरी. त्यांना तो गिव्हन्स आणि ड्रुदर्स म्हणे. आमच्या कंपन्यांत रिक्वायरमेंटच्या नावाखाली जे पन्नास पानी दस्तऐवज फिरतात, त्यांपेक्षा या दोन याद्या प्रामाणिक वाटतात. गिव्हन्सची यादी बदलता येत नाही हे त्यात आधीच कबूल केलेलं असतं.

लोकांना लांब रेल्वे हवी होती आणि तळघर तेवढंच होतं. भिंतीलगत एक मजला झाला, त्यावर दुसरा आला. पुढच्या दशकांत दुमजली, तिमजली लेआउट रुळले. टोनी कोस्टरसारख्या लेखक-संपादकांनी त्यांवर भरपूर लिहिलं. २००८ मध्ये बहुमजली लेआउटवर त्याचं स्वतंत्र पुस्तकच आलं. आणि मजले झाले की जिना हवा.

या जिन्याचा हिशेब एका पानात मावतो. एचओचा उंच डबा जायला रुळाच्या वर साधारण ७६ मिलिमीटर मोकळे ठेवावे लागतात. प्लायवूड १२ मिलिमीटर, रूळ आणि स्लीपर ५. एकूण ९३. म्हणजे एका फेरीत गाडी निदान ९३ मिलिमीटर चढलीच पाहिजे, नाहीतर वरच्या वेढ्याला तिचं डोकं लागेल. त्रिज्या ६० सेंटिमीटर घेतली तर फेरी ३७७ सेंटिमीटरची. ९३ भागिले ३७७०, जवळपास अडीच टक्के. गोथार्डपेक्षा किंचित सौम्य. ठीक आहे, असं वाटतं.

ठीक नाही. वळणावर चाकाची कड रुळाला घासते आणि डबे आतल्या बाजूला ओढले जातात, त्याचा वेगळा अडथळा असतो. खऱ्या रेल्वेत वळणावर चढ मुद्दाम कमी करतात तो यासाठी. आर्मस्ट्राँगच्या नावानं चालणारा एचओचा ठोकताळा असा, की बत्तीसला इंचांतल्या त्रिज्येनं भागा आणि येईल तो टक्का चढात मिळवा. ६० सेंटिमीटर म्हणजे २४ इंच. बत्तीस भागिले चोवीस, १.३. अडीच अधिक एक पूर्णांक तीन, ३.८ टक्के. गोथार्डला मागे टाकून आपण कॅनडाच्या त्या जीवघेण्या उताराच्या जवळ पोचलो. तीन किलोच्या गाडीला शंभर ग्रॅमच्या वर ओढ लागणार. एका इंजिनाचं काम नाही, दुसरं जोडा. बोरघाटात आजही कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिन लावतात, तसंच.

त्रिज्या वाढवली तर? ७५ सेंटिमीटरला चढ दोन टक्के, वळणाचा अडथळा धरून तीन. फार सुधारणा. पण आता हेलिक्सला जवळपास डबल बेडएवढी जागा लागते, आणि ती खोलीतली सर्वांत चांगली, कोपऱ्यातली जागा असते. लांब प्रवासी डबे चालवायचे तर पर्यायच नाही. पंच्याऐंशी फुटी डबा एचओमध्ये तीस सेंटिमीटरचा होतो, आणि वळणाची त्रिज्या डब्याच्या निदान तिप्पट असावी म्हणतात. म्हणजे ९० सेंटिमीटर. इथं बहुतेक लोक नकाशा मिटवून चहा करायला जातात.

गंमत म्हणजे गोथार्डचं २८० मीटरचं वळण एचओत ३.२ मीटर त्रिज्येचं होतं. ते घरात मावत नाही. ६० सेंटिमीटरचं वळण खऱ्या मापात ५२ मीटरचं, आणि तसं वळण मोठ्या गेजची कुठलीही मेन लाईन घेत नाही. म्हणजे सगळे हेलिक्स मापाच्या दृष्टीनं खोटे आहेत. अपवाद सुचतो तो एकच. स्वित्झर्लंडच्याच बर्निना मार्गावर ब्रुसिओला १९०८ चा एक गोल पूल आहे, नऊ कमानींचा, उघड्या मैदानावर. वर्तुळाची त्रिज्या ७० मीटर, चढ सात टक्के, मीटर गेज. ७० भागिले ८७, ऐंशी सेंटिमीटर. जगातला हा एक हेलिक्स आहे तसा, न छाटता, टेबलावर ठेवता येतो. तोही एकाच वेढ्याचा, आणि लपलेला नाही.

बाकीचे लपलेले असतात, आणि अडचण तिथं आहे. दोन मजल्यांत ४५ सेंटिमीटर अंतर असेल तर पाचेक वेढे लागतात. सव्वाअठरा मीटर रूळ. ८७ नं गुणलं तर जवळपास १.६ किलोमीटर, फाफेनस्प्रुंगच्या बोगद्यापेक्षा थोडा जास्त. ताशी चाळीस किलोमीटरच्या हिशेबानं गाडी त्यात दोन मिनिटं चोवीस सेकंद असते. वाचायला कमी वाटतं. कंट्रोलर हातात धरून, काहीही न दिसता, फक्त घरघर ऐकत उभं राहिलं तर ते फार असतं. सुरुवातीचे हेलिक्स बांधणाऱ्यांना चढ, त्रिज्या, उंची सगळं गणितात सापडलं. ही दोन मिनिटं गणितात नव्हती. खेळ रंगात यावा आणि पात्र विंगेत जाऊन बसावं, असं होऊ लागलं.

पहिला उपाय तांत्रिक. रुळात सेन्सर घालायचे, गाडी कितव्या वेढ्यात आहे ते दिव्यानं कळवायचं. या बाबतीत मॉडेलवाले पहिल्यापासून पुढे होते. एमआयटीचा टेक मॉडेल रेलरोड क्लब १९४६ चा. तिथल्या काहींना टेबलावरचे डोंगर रंगवण्यात रस होता आणि काहींना टेबलाखालच्या टेलिफोन रिलेंच्या जंजाळात. टेबलाखालचे पुढे संगणकांकडे वळले, आणि 'हॅक' हा शब्द आज आम्ही ज्या अर्थानं वापरतो तो त्यांच्या बोलण्यातून रूढ झाला. हेलिक्स ही खरं तर टेबलाखालच्या लोकांची वस्तू, चुकून टेबलाच्या वर आलेली.

दुसरा उपाय हेलिक्सच नको म्हणणाऱ्यांचा. खोलीभर भिंतीलगत फिरतानाच रूळ हळूहळू चढवत न्यायचे. याला ते 'नोलिक्स' म्हणतात. सुंदर दिसतं, गाडी सतत डोळ्यांसमोर राहते. पण मग प्रत्येक स्टेशन उतारावर येतं आणि सोडलेले डबे आपोआप चालू लागतात. प्रत्येक स्टेशन सपाट करायचं तर मधले चढ कडक होतात. पंचवीस फुटी भिंती असतील त्यांनी हे करावं.

मला तिसरा उपाय पटतो, कारण तो इतिहासातून आला आहे. लपलेली लांबी ही वाया गेलेली लांबी मानायची नाही. ती दोन गावांमधलं अंतर मानायची. तळघरातल्या स्टेशनांचं दुखणं असं असतं, की एका गावाच्या सिग्नलपाशी इंजिन आहे आणि शेवटचा डबा मागच्या गावातून निघालेला नाही. हेलिक्स त्यांच्यामध्ये दीड किलोमीटर घालतो. घड्याळ चौपट वेगानं चालवलं, आणि पुष्कळ जण तसंच चालवतात, तर ती दोन मिनिटं वेळापत्रकात जवळपास दहा होतात. वरच्या स्टेशनमास्तरला तेवढ्यात दुसरी गाडी साईडिंगला घेता येते. विंगेतला वेळ संहितेत लिहिला की पात्र विंगेत आहे याची तक्रार उरत नाही. काही जण सर्वांत वरचा वेढा उघडा ठेवून त्यावर डोंगर रचतात, म्हणजे मध्येच गाडी क्षणभर दिसते. वासेनचं चर्च पाहिलेल्या माणसाला हे आपोआप सुचावं.

आणि इथं मॉडेलवाल्यांचा एक नियम आठवतो. गाडी एका देखाव्यातून एकदाच जावी. दोनदा गेली की खोटं वाटतं, खेळणं वाटतं. या नियमानं पाहिलं तर गोथार्डचा नकाशा कुणीही नापास करील. तीनदा तेच चर्च! खरा डोंगर जे करतो ते मॉडेलमध्ये केलं तर खोटं वाटतं, आणि मॉडेलमधला हेलिक्स जे लपवतो त्याशिवाय खरं वाटत नाही.

लपवण्याबद्दल आणखी एक. जर्मनीची प्रायझर कंपनी १:८७ मापाची माणसं बनवते, दोन सेंटिमीटर उंच. गार्ड, हमाल, सहलीला आलेली कुटुंबं, पिकॅक्स घेतलेले रूळकामगारही मिळतात. चार-सहा जण, स्वच्छ नारिंगी कपड्यांतले. बोरघाटातले चाळीस हजार कुणी रंगवत नाही. रंगवावेत असं माझं म्हणणं नाही, ते फार विचित्र दिसेल. पण प्लायवूडचा वेढा कापताना, सळईवरचा नट फिरवून दोन मिलिमीटरचा खड्डा काढताना, याच दोन मिलिमीटरसाठी गेशेननला काय काय झालं याची माहिती असलेली बरी. इथं चढ चुकला तर नट सैल करता येतो.

गोथार्डखालचा नवा पायथा-बोगदा २०१६ मध्ये सुरू झाला. सत्तावन्न किलोमीटर, जवळजवळ सपाट. झुरिक-मिलान गाड्या आता रॉइसची दरी चढतच नाहीत, डोंगराच्या तळातून वीसेक मिनिटांत पलीकडे जातात. ती वीस मिनिटं खिडकीत काळोख आणि आपलाच चेहरा असतो. बहुतेक लोक फोन पाहतात. वरच्या जुन्या मार्गावर तासाला एखादी प्रवासी गाडी अजून आहे. ती फाफेनस्प्रुंगला अंधारात शिरते, पुरी फेरी घेते आणि चर्चला तीन वेळा भेटते.